ड्रॅगनचं वर्णन केलं म्हणून मूल बिघडत नाही

वहिनीनं मला एक लांबलचक मेसेज पाठवला. खाली तिची ओळ होती: "ताई, आम्ही काही पालक मिळून शाळेत अर्ज देतोय, तुम्ही एकदा वाचून घ्या." भाची सहावीत आहे. तिच्या वर्गात भाषेच्या तासाला एक काल्पनिक कादंबरी वाचायला घेतली आहे. ड्रॅगन, जादूगार, बोलणारे प्राणी, हरवलेलं राज्य, सगळं आहे तिच्यात. मेसेजचं म्हणणं असं, की ही पुस्तकं पाचवी ते आठवीच्या वर्गांतून हद्दपार व्हायला हवीत. का, तर १४ वर्षांखालच्या मुलांना खरं आणि काल्पनिक यांतला फरक कळत नाही. जादूच्या गोष्टींनी तर्कबुद्धी बोथट होते आणि गणित-विज्ञान मागं पडतं. मेहनतीऐवजी चमत्काराची वाट बघायची सवय लागते. मुलं घाबरट होतात. वर अभ्यासक्रमाचा वेळ वाया जातो. शेवटी 'परदेशातल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे' असं वाक्य. कुठल्या शास्त्रज्ञांनी, कधी, किती वयाच्या मुलांवर, याचा पत्ता नाही.

मी याच वयाच्या मुलांना भाषा शिकवते. असले मेसेज एरवी मी पुसून टाकते. हा पुसला नाही, कारण त्यात पालकांसाठी एक 'घरगुती चाचणी' दिली आहे आणि ती माझ्या भाचीवर करून झाली.

चाचणी अशी: मुलाला विचारा, ड्रॅगन कसा दिसतो? मूल अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ वर्णन करत राहिलं, तर ते 'काल्पनिक जगात अडकलं' असं समजा आणि पुस्तक ताबडतोब काढून घ्या. भाचीनं भरभरून वर्णन केलं. पंख कसे, खवले कसे, तो गुहेच्या तोंडाशी मान टेकून कसा झोपतो. वहिनी घाबरली, पुस्तक कपाटात गेलं. आता ती मुलगी काय वाचते आहे हे आईला सांगतच नाही. बोलकी, गोष्ट ऐकवायला मागं मागं फिरणारी पोर एका प्रश्नानं गप्प झाली. माझा सगळा राग याचा आहे.

प्रश्न नीट वाचा. 'ड्रॅगन कसा दिसतो' असं विचारलंय, 'ड्रॅगन असतो का' असं नाही. जे विचारलं त्याचं उत्तर मुलीनं दिलं, आणि फार चांगलं दिलं. वाचलेलं लक्षात ठेवणं, त्यातले नेमके तपशील निवडणं, ते सलग, न अडखळता सांगणं, हे सहावीच्या मुलांना यावं म्हणून आम्ही वर्षभर धडपडतो. ते जिला आलं तिला या चाचणीनं आजारी ठरवलं. दुसरा प्रश्न मी तिला फोनवर विचारला. "आत्या, ती गोष्ट आहे," एवढंच ती म्हणाली. आपल्याला इतकं बाळ समजतात याचं तिला वाईट वाटलं होतं.

१४ वर्षांचा हा आकडा कुठून आला मला माहीत नाही, पण तो चूक आहे हे सांगता येतं. पॉल हॅरिस हे बालमानसशास्त्रातलं मोठं नाव. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली चार आणि सहा वर्षांच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आपण कल्पना केलेला राक्षस खरा नाही, हे ती मुलं स्पष्ट सांगत होती. हो, रिकाम्या खोक्यात एखादा प्राणी आहे अशी कल्पना करायला सांगितल्यावर काही मुलं नंतर त्या खोक्याशी जरा जपून वागली, काहींना आत डोकावून बघावंसं वाटलं. पण भुताची गोष्ट ऐकल्यावर अंधाऱ्या जिन्यात आपणही पाय उचलून चालतो, म्हणून आपल्याला फरक कळत नाही असं कुणी म्हणत नाही. चिऊचं घर मेणाचं आणि काऊचं शेणाचं, हे ऐकतच आपण मोठे झालो. चिमणी बाळाला तीट लावत नाही हे कळायला कुणालाही १४ वर्षं लागली नाहीत.

आता तर्कबुद्धीचा मुद्दा. इथं मेसेज नुसता चुकीचा नाही, पार उलटा आहे. याच हॅरिस यांनी मारिया डायस यांच्याबरोबर १९८८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला, तो प्रत्येक पालकानं समजून घ्यावा. चार ते सहा वर्षांच्या मुलांना त्यांनी साधी कोडी घातली. सगळी मांजरं भुंकतात. रेक्स हे मांजर आहे. रेक्स भुंकतं का? सरळ विचारलं की मुलं बहुधा आपल्या अनुभवावर जातात: नाही, मांजरं म्याव करतात. पण हेच कोडं खेळातल्या जगाचं म्हणून मांडलं, की तीच लहान मुलं दिलेली अट धरून ठेवतात आणि बरोबर निष्कर्ष काढतात: भुंकतं, कारण इथं सगळी मांजरं भुंकतात. पुढच्या अभ्यासात, ही दुसऱ्या एखाद्या ग्रहावरची गोष्ट आहे असं सांगूनही हेच दिसलं. म्हणजे मनातलं जग उभं केल्यावर मुलांचा तर्क सुटला नाही, उलट मोकळा झाला. माहीत असलेलं क्षणभर बाजूला ठेवून 'असं असेल तर पुढं काय' हे त्यांना जमलं.

सहावी-सातवीत मुलांपुढं नेमकं हेच येऊन उभं राहतं. 'समजा, ती संख्या क्ष आहे' इथून बीजगणित सुरू होतं. पुढं भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता येते. पक्षात दिलेलं खरं मानायचं आणि त्यातून निघेल तेवढंच बोलायचं, मनचं घालायचं नाही. घर्षणच नसेल तर ढकललेली वस्तू किती वेळ सरकत राहील, हा विज्ञानातला प्रश्न घ्या. घर्षण नसलेली जमीन कुणी पाहिली आहे? सोळाव्या वर्षी आपण प्रकाशाच्या किरणामागं धावतोय अशी कल्पना केली होती, असं आइन्स्टाइन यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. (परीकथांनी मुलं हुशार होतात हे त्यांच्या नावावर फिरणारं वाक्य मात्र मला उत्तर म्हणून पाठवू नका. त्यांच्या लिखाणात ते सापडत नाही. आपल्या बाजूचं खोटंही खोटंच.)

वर्गात आम्ही काय करतो ते सांगते. कादंबरी सुरू झाली की भिंतीवर एक मोठा कागद लागतो: या जगाचे नियम. जादू कोण करू शकतं, कुणाला येत नाही, केली की काय गमवावं लागतं. प्रत्येक नियमापुढं पान क्रमांक. मग बाराव्या प्रकरणात लेखकानं स्वतःचाच नियम मोडलाय असं एखाद्या मुलाला वाटतं आणि वर्ग दोन गटांत फुटतो. 'मला वाटतं' चालत नाही, पान दाखवावं लागतं. एरवी निबंधात चार ओळींवर थांबणारी मुलं तेव्हा पुरावा शोधत मागची पन्नास पानं चाळतात. धड्याखालच्या स्वाध्यायानं हे माझ्या वर्गात कधी झालं नाही.

मेसेजमध्ये एक अर्धं सत्य आहे, तेही मान्य करते. काल्पनिक गोष्टीतून शिकलेली युक्ती लहान मुलं खऱ्या आयुष्यात कमी वापरतात, वास्तव गोष्टीतली जास्त, असं रेबेका रिचर्ट आणि एरिन स्मिथ यांच्या २०११ सालच्या अभ्यासात दिसलं. पण ती मुलं बालवाडीच्या वयाची होती, अकरा-बारा वर्षांची नव्हेत. आणि त्याचा अर्थ बघा. एवढी चिमुरडी मुलंसुद्धा गोष्टीतलं जग वेगळं ठेवतात, तिथलं सगळं इकडं उचलून आणत नाहीत. म्हणजे हा निष्कर्ष मेसेजच्या पहिल्याच मुद्द्याला खोटं ठरवतो.

चमत्काराच्या सवयीबद्दल फार लिहीत नाही, कारण ज्यानं हे लिहिलं त्यानं असं एकही पुस्तक वाचलेलं दिसत नाही. उर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही १९६८ सालची कादंबरी घ्या. तिच्यातला मुलगा जादू शिकायला जातो आणि एका एकाकी मनोऱ्यात बसून नावांच्या याद्यांमागून याद्या पाठ करतो. मग बरोबरीच्या मुलासमोर फुशारकी मारायला नको ती जादू करतो, एक काळी छाया मोकळी सुटते, आणि तिनं फाडलेलं दार बंद करताना त्या शाळेच्या प्रमुखाचा जीव जातो. पुढची सगळी कादंबरी तो मुलगा त्या एका उद्धटपणाची किंमत मोजतो. यातून आयतं मिळायची सवय कशी लागेल?

भीतीचं मात्र खरं आहे. काही मुलं घाबरतात. ज्या मुलाच्या घरात नुकताच मृत्यू झालाय त्याला पात्राच्या मरणाचं प्रकरण वर्गात सगळ्यांसमोर ऐकणं जड जातं. ते शिक्षकाला आधी कळवा. आधी कळलं तर ते प्रकरण आम्ही त्या मुलाशी अगोदर बोलून घेतो, लागलं तर त्या तासाला त्याला दुसरं वाचायला देतो. एका मुलासाठी ही काळजी घ्यायलाच हवी, पण तेवढ्यासाठी सगळ्या वर्गाच्या हातातलं पुस्तक काढून घेण्याचं कारण नाही.

राहिला वेळ. कादंबरीला कित्येक आठवडे जातात, आणि काही वर्गांत ते खरोखर वाया जातात, हे मीच सांगते. एक प्रकरण वाचायचं, पाच प्रश्नांची उत्तरं फळ्यावरून उतरवायची, ड्रॅगनचं चित्र रंगवायचं, शेवटी सिनेमा लावायचा. असं शिकवणं मी पाहिलं आहे आणि मला ते आवडत नाही. पण अशानं चरित्रही वाया जातं आणि कविताही. तेव्हा वहिनी, अर्जावर सही करण्याआधी भाचीच्या वर्गावरच्या बाईंना भेट आणि विचार: वाचन वर्गात मोठ्यानं होणार की घरी? किती तास? मुलं स्वतःच्या शब्दांत काय लिहिणार? वाद घालायला वेळ ठेवलाय का? उत्तरं पटली नाहीत तर शिकवण्याच्या पद्धतीबद्दल अर्ज कर, मीही सोबत येईन. आणि पुस्तक आजच कपाटातून काढून तिच्या हातात दे.