‘रिस्टार्ट मारा, नेट येईल’: येतंच असं नाही

लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांत एक सल्ला कायम फिरत असतो: नेटवर्कची फाइल बदलली की सर्व्हिस रिस्टार्ट मारा, धोका काही नाही, कमांड सगळीकडे सारखीच, आणि नेट आलंच नाही तर रीबूट करून मोकळे व्हा.

यातलं ‘धोका काही नाही’ सगळ्यात महागात पडतं. डेबियन या लिनक्सची जुनी आवृत्ती घ्या. इन्स्टॉलर नेटवर्कच्या फाइलमध्ये मुख्य नेटवर्क कार्डापुढे ‘ऑटो’ (बूट होताना उठवा) नव्हे, ‘अलाउ-हॉटप्लग’ (कार्ड सापडलं की उठवा) लिहितो. रिस्टार्टमध्ये आधी इफडाउन ही कमांड चालते, ती सगळी कार्डं पाडते, म्हणजे बंद करते. मग इफअप येतं, पण ते उठवतं फक्त ‘ऑटो’वाली. हॉटप्लगवालं कार्ड उठवणं यूडेव्हकडे (नवं हार्डवेअर ओळखणारा लिनक्सचा भाग), आणि त्याला नवं कार्ड लागल्याची वर्दी मिळालेलीच नसते. पाडणारा एक, उचलणारा दुसरा, निरोप कुणीच दिलेला नाही. तिथली सर्व्हिस चालू-बंद करणारी जुनी इनिट स्क्रिप्ट रिस्टार्ट करताना स्वतःच बजावायची की काही इंटरफेस परत चालू होणार नाहीत. ती ओळ वाचतो कोण! पुढच्या आवृत्त्यांत यावर तोड निघाली. जुनी मशीन मात्र अजून रॅकमध्ये आहेतच.

आभासी मशीन (व्हीएम) चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्सवर तर वेगळीच गंमत. जुन्या इफअपडाउनने (इफअप-इफडाउनचं पॅकेज) ब्रिज, म्हणजे होस्टमधला आभासी स्विच, पडून नव्याने उभा राहतो, पण चालू व्हीएमची टॅप (आभासी) कार्डं त्याला पुन्हा जोडली जात नाहीत. होस्ट पिंगला उत्तर देतो, आतली मशीन गप्प. तिथे इफअपडाउन२ घालून ‘इफरीलोड’ वापरावं.

कमांडही सारखी नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ वरच्या ‘नेटवर्क’ सर्व्हिसच्या स्क्रिप्ट ८ मध्ये आपोआप बसत नाहीत, ९ मध्ये तर काढूनच टाकल्या. तिथे कनेक्शन सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर रिस्टार्ट केला तर चालू कनेक्शन तसंच राहतं, नवा आयपी लागत नाही आणि लोक फाइलला शिव्या देत बसतात. त्याच्याच कमांडने ‘एनएमसीएलआय कनेक्शन रीलोड’ आणि मग ‘कनेक्शन अप’, एवढंच हवं असतं.

राहिला रीबूट. बूट होताना यूडेव्हला कार्ड दिसतं, म्हणून नेट येतं. फाइलमधली मेख तिथेच राहते. कुणी हाताने घातलेला, कुठेच न लिहिलेला राउट (नेटवर्कवरची वाट) असेल तर तो मात्र कायमचा जातो. त्यापेक्षा आधी कन्सोलवर, म्हणजे नेटशिवाय चालणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या स्क्रीनवर, बसा. ‘आयपी लिंक’मध्ये कार्ड ‘डाउन’ दिसतंय का? ‘आयपी राउट’मध्ये ‘डीफॉल्ट’ची ओळ (बाहेर जायची वाट) आहे का? आयपीवर पिंग जातो पण नावाने जात नाही, तर भानगड डीएनएसची, म्हणजे नावावरून आयपी शोधण्याची.

उबुंटूवर नेटप्लान (नेटवर्कची मांडणी लावणारं साधन) असेल तर थेट ‘अप्लाय’ करू नका, ‘नेटप्लान ट्राय’ चालवा. १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनी मांडणी आपोआप परत येते. बाँड (अनेक कार्डं जोडून केलेलं एक) आणि ब्रिजचे काही पॅरामीटर मात्र त्याला मागे घेता येत नाहीत, तिथे कन्सोल हाताशी ठेवूनच हात घाला.