चंद्र घरात का बसेना? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘जुना डीटीपीवाला’ या नावाने तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि खरं सांगतो, आधी रागच आला. सकाळी चहा घेता घेता पुन्हा वाचली, तेव्हा लक्षात आलं की चारपैकी अडीच मुद्दे तुमचे बरोबर आहेत. आता दोन ओळींत आभार मानून सुटका करून घेणं बरं दिसणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : लाटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून पानाची जुळणी करून घेण्याच्या प्रणालीत, २०२६ची दिनदर्शिका करायची, आणि ज्या ज्या घरात पौर्णिमा आहे तिथे तारखेच्या मागे फिका चंद्र ठेवायचा, एवढाच विषय होता. तुमचं म्हणणं असं : पहिल्यांदा फाइल चालवली तर चंद्र भलतीकडेच उगवले. दुसऱ्यांदा चालवल्यावर घरात आले खरे, पण १ मेचा चंद्र एका उंचीवर आणि ३१ मेचा दुसऱ्या. पडद्यावर तक्त्याच्या रेषा मध्येमध्ये तुटलेल्या दिसतात. आणि शेवटी, ‘हेच काम मी कोरलमध्ये (माउसने रेखाटायच्या सॉफ्टवेअरमध्ये) पाच मिनिटांत करतो, डोंगर पोखरून उंदीर कशाला काढायचा?’

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण चूक तिथेच आहे आणि ती माझी आहे.

मी लेखात चंद्राची जागा ठरवली होती ती घरातल्या मजकुरावरून. मजकुराभोवती टिक्झेडचा (लाटेकमधल्या चित्रं काढायच्या जोड-पॅकेजचा) नोड, म्हणजे अदृश्य चौकट, आणि त्या नोडच्या मध्यावर चंद्राचा मध्य. माझ्या नमुन्यात प्रत्येक घरात नुसता आकडा होता, त्यामुळे सगळं सरळ दिसलं आणि मी खूश झालो. तुम्ही खरी दिनदर्शिका भरायला घेतलीत. मे २०२६मध्ये दोन पौर्णिमा आहेत, त्यातली दुसरी १७ मेपासून लागणाऱ्या अधिक ज्येष्ठातली. १ मेच्या घरात बुद्ध पौर्णिमा, महाराष्ट्र दिन, कामगार दिन अशी तीन ओळींची गर्दी. ३१ तारखेच्या घरात मात्र नुसती ‘पौर्णिमा’. तीन ओळींच्या ठोकळ्याचा मध्य आणि एका ओळीच्या ठोकळ्याचा मध्य एका उंचीवर कसा येईल? चंद्राने मजकुराचं ऐकलं. त्याने घराचं ऐकायला हवं होतं.

त्यात देवनागरीची भर. रोमन लिपीत हा घोळ इतका जाणवत नाही, आपल्याकडे मात्र प्रत्येक शब्दाची उंची वेगळी. ‘पौर्णिमा’ या एका शब्दात दोन मात्रा, रफार आणि वेलांटी, तिन्ही शिरोरेषेच्या वर. ‘बुद्ध’मध्ये उकार आणि जोडाक्षर, दोन्ही खाली लोंबणारी. लाटेकची फाइल चालवणारं झीटेक हे इंजिन मूळ अवस्थेत प्रत्येक अक्षराकृतीची खरी उंची-खोली मोजतं. त्यासाठी एक स्विच आहे, ‘युज ग्लिफ मेट्रिक्स’ नावाचा, आणि तो सुरुवातीला १ असतो. तो ० केला की सबंध फाँटसाठी एकच उंची आणि एकच खोली धरली जाते. तुम्ही तो ० करून पाहिलात तर चंद्राचं हेलकावणं थोडं कमी होईल, पण ओळींची संख्या वेगळी असली की पुन्हा तेच. म्हणजे ती मलमपट्टी झाली.

आणि लाटेकने तक्त्याच्या प्रत्येक ओळीत घातलेला अदृश्य आधार, ज्याला स्ट्रट म्हणतात, तोही इथे पुरा पडत नाही. ओळींतलं अंतर १२ पॉइंट असेल तर तो पायरेषेच्या वर ८.४ आणि खाली ३.६ पॉइंट असतो, म्हणजे ७०-३०ची वाटणी. ही वाटणी रोमन अक्षरांना बेतशीर आहे. आपल्या मोठ्या टायपातल्या रफार-मात्रा त्याच्या वर डोकं काढतात आणि तेवढीच ओळ उंच होते. तक्त्यातली एक ओळ उंच झाली की तिच्यातल्या सातही घरांचा मध्य सरकतो, चंद्र मात्र आपल्याच मजकुराला चिकटून राहतो.

आता दुरुस्ती. नाइसमॅट्रिक्स या पॅकेजमध्ये तक्त्याच्या रेषांनाच क्रमांक असतात, आणि आडवी रेष व उभी रेष जिथे छेदतात त्या बिंदूला नाव असतं. आपल्या दिनदर्शिकेत वार डावीकडे, एकाखाली एक. रविवार पहिल्या ओळीत, आठवडे उजवीकडे सरकणारे. त्यामुळे शुक्रवार १ मेचं घर आडव्या रेषा ६ आणि ७, उभ्या रेषा २ आणि ३ यांच्यामध्ये. रविवार ३१ मेचं घर आडव्या १ आणि २, उभ्या ७ आणि ८ यांच्यामध्ये. समोरासमोरचे दोन कोपरे घ्यायचे, त्यांच्या बरोबर मधला बिंदू काढायचा, चंद्र तिथे. घरात एक ओळ असो की तीन, शेजारच्या घराने ओळ ताणलेली असो वा नसो, कोपरे खोटं बोलत नाहीत. हे सगळं ‘कोड बिफोर’ या भागात लिहायचं, म्हणजे ते मजकुराच्या आधी रेखाटलं जातं. तिथे घरांचे मजकुराभोवतीचे नोड मागितल्याशिवाय मिळत नाहीत, वेगळा पर्याय द्यावा लागतो. पॅकेजवाल्याने तो रस्ता मुद्दाम थोडा आडवळणाचा ठेवला की काय कोण जाणे. मी मात्र मूळ लेखात नेमका तोच पकडला होता. लेखातला कोड आता बदलला आहे.

पहिला मुद्दा, दोन फेऱ्यांचा. तो मी लेखात लिहायला विसरलो, इतकंच. पण ‘सॉफ्टवेअर कच्चं आहे म्हणून दोनदा चालवावं लागतं’ हे तुमचं वाक्य मला मान्य नाही. जे मागे दिसायला हवं ते आधी रंगवावं लागतं. पीडीएफमध्ये नंतर रंगवलेलं आधीच्याला झाकतं, भिंतीवरच्या रंगासारखं. पण तक्त्याच्या रकान्याची रुंदी टेकला, म्हणजे लाटेकच्या मुळाशी असलेल्या प्रणालीला, कधी कळते? सगळ्या ओळी वाचून झाल्यावर, कारण सगळ्यात रुंद मजकूर शेवटच्या ओळीतही असू शकतो. म्हणजे जे सगळ्यात आधी काढायचं, त्याची जागा सगळ्यात शेवटी कळते. हा पेच एका फेरीत सुटत नाही. पहिल्या फेरीत मापं सहाय्यक फाइलीत लिहून ठेवायची, दुसऱ्या फेरीत ती वाचून चंद्र काढायचा. आणि टेकला स्वतःला रंग, चित्र वगैरे काही कळतच नाही. टेकचे कर्ते डोनाल्ड कनूथ यांनी १९७७मध्ये आपल्याच पुस्तकाची वाईट जुळणी पाहून हे काम हाती घेतलं तेव्हा प्रश्न गणिताच्या पानांचा होता. टेकला कळते ती फक्त पेटी : रुंदी, उंची, खोली. रंगाची चिठ्ठी ते न वाचता पुढे सरकवतं.

तुम्ही ट्रेडलवरचं, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावरचं, दुरंगी काम पाहिलं असेल. आधी फिक्या रंगाचा फर्मा (जुळणीचा साचा) छापायचा, तो रंग वाळला की काळ्याचा. फिक्या रंगाचा ठसा कुठे बसवायचा हे काळ्या फर्म्याचा कच्चा छाप काढल्याशिवाय कळत नसे. तो छाप समोर ठेवून ठसा सरकवायचा, कागदाचे कपटे लावायचे, पुन्हा छाप. तेव्हा आपण कुणी मशीनला कच्चं म्हटलं नाही. लाटेकचं इथलं काम त्याच जातीचं आहे, कपट्यांची कटकट तेवढी वाचते.

कुणी म्हणेल, चंद्र शेवटीच काढा आणि ‘मल्टिप्लाय’ ही रंगमिश्रणाची रीत लावा, म्हणजे खालचं काळं अक्षर दिसतच राहील. टिक्झेडमध्ये ते जमतं, मी करूनही पाहिलं. पण मग फाइलीत पारदर्शकता येते, आणि छपाईला जाताना ती सपाट करण्याच्या खटाटोपात काळ्या अक्षराचं काय होईल याची खात्री नाही. शिवाय चंद्राचा रंग लाल-हिरव्या-निळ्याच्या हिशेबात दिला तर आणखी गोंधळ. मी मूळ लेखात तोच दिला होता, हेही कबूल करतो. चंद्रासाठी काळ्याची १२ टक्के स्क्रीन (फिकी छटा) द्या, आणि अक्षर शंभर टक्के नुसत्या काळ्यात ठेवा. चार रंगांतून तयार झालेलं काळं आठ पॉइंटच्या तिथीला लावलं आणि मशीनवर रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर हललं, की ‘चतुर्थी’ वाचायला भिंग लागेल. हे तुम्हाला मी सांगावं असं नाही, पण लेख नवखेही वाचतात.

रेषा तुटण्याचं पटकन सांगतो. मी काही घरांना रंग दिला होता तो कलरटेबल पॅकेजने. ते प्रत्येक घरापुरता रंगाचा पट्टा त्या त्या घराच्या वेळी ओततं, आणि ०.४ पॉइंटच्या रेषेच्या काठावर हा पट्टा येऊन टेकला की काही पीडीएफ दर्शकांत रेष गायब झाल्यासारखी वाटते. ४०० टक्के मोठं करून पाहा, रेष जागेवर असते. छपाईत ती येतेच. नाइसमॅट्रिक्स आधी सगळे रंग आणि मग रेषा काढतं, त्यामुळे पडद्यावरही हा त्रास जातो.

याच ओतण्याच्या क्रमाचा एक मजेशीर परिणाम मात्र सांगण्यासारखा आहे. समजा चंद्र घरापेक्षा किंचित मोठा ठेवला, मुद्दाम, शेजारच्या घरात थोडा डोकावणारा. मग घरागणिक रंगवणाऱ्या पद्धतीत त्याची उजवी आणि खालची कड शेजाऱ्यांच्या रंगाखाली कापली जाते, कारण ती घरं नंतर रंगतात. आणि डावी व वरची कड आधीच छापलेल्या मजकुरावर जाऊन बसते. म्हणजे एकाच चंद्राला दोन बाजूंनी ग्रहण आणि दोन बाजूंनी अतिक्रमण. माझा पहिला प्रयत्न असाच फसला होता आणि तासभर मी चंद्राच्या चित्रातच दोष शोधत बसलो होतो.

आता कोरल. तुमचा टोला बसला, पण पूर्ण नाही. एका पानाची पत्रिका, एक दरपत्रक, मंडळाचं वेळापत्रक असेल तर कोरलच उघडावं. मीही तेच करतो. एका तक्त्यासाठी लाटेक शिकायला जा असं मी कुणाला सांगणार नाही. पण दिनदर्शिकेत बारा तक्ते आहेत आणि ते सारखे नाहीत. फेब्रुवारी २०२६ रविवारी सुरू होऊन शनिवारी संपतो, बरोबर चार रकाने. मे आणि ऑगस्टला सहा लागतात. बाकी नऊ महिन्यांना पाच. तीन वेगळ्या रुंदीची घरं झाली. तुम्ही चंद्र हाताने बसवलेत, छपाईसाठी ट्रेसिंग काढलंत, आणि मग संध्याकाळी गिऱ्हाईकाचा फोन आला की ‘सोळा तारखेला आमच्या संस्थेचा वर्धापनदिन टाका’. ती ओळ दोन मिलिमीटरने वाढली. तुमचा चंद्र तिथल्या तिथे, घर खाली गेलेलं. मग बाणाच्या कळा दाबत बसा, आणि डिसेंबरपर्यंत एखादा चंद्र विसरा. इनडिझाइन हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर वापरणारेही इथे अडतात : त्यात चित्राचं घर करता येतं, पण मग ते घर मजकुराचं राहत नाही. आपल्याला तर दोन्ही एकाच घरात हवंय.

तुमच्या पाच मिनिटांत ही दुरुस्तीची वेळ धरलेली नाही, एवढंच माझं म्हणणं.

आणि एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत पण फेब्रुवारीकडे वळलात तर विचाराल. चंद्राचा व्यास मी मूळ लेखात घराच्या रुंदीच्या ९० टक्के दिला होता. तेही चुकलंच. तक्त्याची रुंदी १८० मिलिमीटर धरा, वारांच्या नावांना २० गेले, राहिले १६०. मे महिन्यात सहा रकाने, म्हणजे घर साधारण २६.७ मिलिमीटर रुंद. चंद्र २४चा, ३० मिलिमीटर उंच घरात छान मावतो. फेब्रुवारीत मात्र घर ४० रुंद, म्हणून चंद्र ३६चा, आणि उंची तीसच. माघी पौर्णिमा १ फेब्रुवारीला, रविवारी, म्हणजे अगदी वरच्या ओळीत पहिल्याच आठवड्याला. तिथला चंद्र वर महिन्याच्या नावाकडे तीन मिलिमीटर चढला आणि खाली सोमवारच्या दोन तारखेत तीन मिलिमीटर घुसला. माझ्या स्वतःच्या छापील प्रतीत तो तसाच आहे, भिंतीवर लावलाय. नव्या कोडमध्ये रुंदी आणि उंची यांतलं जे कमी असेल त्याचे ९० टक्के घेतले आहेत. फेब्रुवारीत तो आता २७चा होतो. फाइल बदलल्यावर दोनदा चालवा. घरात एखादी ओळ वाढवली असेल तर तिसऱ्यांदाही.