गरोदर बाईला गोळी नको, फेणी चालते?

पाऊस लागला की गोव्यातल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरतो: ‘गरोदर बाईने सर्दीतापात एकही गोळी घेऊ नये, बाळाला व्यंग येतं. काढा प्यावा, गरम पाण्यातून चमचाभर फेणी घ्यावी. तीन दिवसांत उतार पडतो.’

गोळीपासून सुरुवात करू. गरोदरपणात तापावर डॉक्टर आधी देतात ते पॅरासिटामॉलच. लागेल तेवढंच, लागतील तेवढेच दिवस. खरी भीती ताप अंगावर काढण्याची. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. त्या काळातल्या जोराच्या तापाने तिच्यात दोष राहण्याची शक्यता वाढते.

सगळ्याच गोळ्या चालतात असंही नाही. आयबुप्रोफेन टाळायचं, २० आठवड्यांनंतर तर नक्कीच: बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. फार्मसीत नुसतं ‘सर्दीची गोळी द्या’ म्हटलं की मिळणाऱ्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याचदा तिथे पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन, क्लोरफेनिरामिन अशी तिघांची मोट असते. वर तापाची वेगळी गोळी घेतली की पॅरासिटामॉल दोनदा पोटात जातं. शिवाय फेनिलेफ्रिनने रक्तवाहिन्या आकसतात. बीपी चढणाऱ्या बाईने ते घेऊच नये.

काढ्यात चहापुरतं आलं असेल तर हरकत नाही. ज्येष्ठमध मात्र रोज उकळून पिऊ नये, त्यातल्या ग्लिसिरायझिनने बीपी वाढतं. ‘झाडपाल्याचं आहे, काय होतंय’ म्हणणाऱ्यांना एवढंच, की धोतराही झाडपालाच.

फेणीत ४० टक्क्यांच्या वर अल्कोहोल. गरोदरपणात सुरक्षित म्हणावं असं दारूचं प्रमाणच नाही, चमचाभरही नाही. आज्या द्यायच्या हे खरं. त्यांना हे सांगणारं तेव्हा कोणी नव्हतं.

नाकात सलाईनचे थेंब, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, खोकल्याला चमचाभर मध, गरम पेज: एवढ्यावर साधी सर्दी निभते. ताप नाही, शिंका नाहीत, तरी नाक आठवडेच्या आठवडे चोंदलेलं असेल तर ती बहुधा सर्दी नव्हेच. गरोदरपणातल्या संप्रेरकांनी नाक असं सुजतं आणि बाळंतपणानंतर मोकळं होतं.

‘तीन दिवसांत उतार’ हे सर्वांत घातक. पावसाळ्यातला ताप डेंगीचा किंवा लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणारा ताप) असतो, आणि फ्लू गरोदर बाईला जास्त जड जातो. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली, छातीत दुखलं, बाळाची हालचाल मंदावली तर मात्र १०८ला फोन करा किंवा थेट बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) गाठा.