गुण भरले, पुढे काय?

दर महिन्याला चाचणी घेतली की मुलांची प्रगती कळेल, हे शालेय चाचण्यांवरच्या लेखात लेखकाने मांडलेलं म्हणणं पटलं नाही. पाटण तालुक्यातली आमच्या वाडीची शाळा द्विशिक्षकी. पायाभूत, संकलित एक, संकलित दोन या वर्षातल्या तीन सरकारी चाचण्या आहेतच. भाषा, गणित, इंग्रजीचे पेपर तपासायचे आणि गुण मोबाइलवरून चॅटबॉटवर, म्हणजे ऑनलाइन, भरायचे. रेंज गेली की गुरुजी मोबाइल घेऊन टेकावर, इकडे वर्ग वाऱ्यावर!

चाचणीला नावं ठेवत नाही. पुतणीला तिसरीत हातच्याची वजाबाकी येत नव्हती, ते पेपरात लगेच दिसलं. पण काड्यांचा दहाचा गठ्ठा सुटा करून ही वजाबाकी शिकवायला बाईंना सवड मिळाली दिवाळीनंतर. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीपर्यंत वाचन आणि गणित पक्कं करायचंय ना? मग आहेत त्या तीन चाचण्यांचे निकाल आधी वापरा की.