५५ बांगडे आणि एक फॉरवर्ड

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला सात जणांकडून आला. काही ग्रुपवर, काही खासगीत, खाली हात जोडलेले आणि फुलं. मजकूर थोडक्यात असा: 'चित्रकला हेच खरं औषध. रोज ४५ मिनिटं चित्र काढलं की ताण ७५ टक्के कमी होतो, हे अमेरिकेत सिद्ध झालं आहे. ताण गेला की आजार जातो. जगप्रसिद्ध चित्रकार मातीस याने नुसत्या कात्रीने कागद कापून कॅन्सर हरवला. मातीत हात घाला, माती आजार ओढून घेते. नैसर्गिक रंग वापरा, त्यांचा कसलाही त्रास नाही. फक्त शुभ, प्रसन्न चित्रं काढा. कला म्हणजे ध्यान, मन रिकामं होतं. श्रद्धेने करणाऱ्याला गुण येतोच.'

मी कुडाळच्या बाजूला राहते, हायस्कुलात गणित शिकवायचे. दोन वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली, मग केमो, मग रेडिएशन. आणि याच काळात, आयुष्यात पहिल्यांदा, मी चित्रं काढायला लागले. म्हणजे या मेसेजची मी चालतीबोलती जाहिरातच. सातांपैकी चौघांनी खाली लिहिलंही, 'बघ, तुझंच उदाहरण!'

मी गप्प बसले असते. पण तपासणीच्या रांगेत शेजारी बसलेल्या एका बाईने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि आवाज खाली आणून विचारलं, "ह्या केला तर केमो घेवक नको मा?" तिचा पहिला डोस दुसऱ्या दिवशी होता. म्हणून आता त्या मेसेजची एकेक ओळ घेते.

आधी ७५ टक्के. हा आकडा हवेतून आलेला नाही, म्हणून तर तो जास्त फसवा आहे. २०१६ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, मार्कर किंवा कोलाजचं सामान देऊन हवं ते करू दिलं. आधी आणि नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, मोजलं. सुमारे ७५ टक्के माणसांमध्ये ते घटलेलं आढळलं. ताण ७५ टक्के घटला नाही, घट झालेली माणसं ७५ टक्के होती. वर्गातल्या ७५ टक्के मुलांचे गुण वाढले, यावरून 'गुण ७५ टक्क्यांनी वाढले' असं उत्तर लिहिणाऱ्या पोराला मी बाकावर उभं केलं असतं. उरलेल्या पाव भागात घट झाली नाही, काहींचं तर वाढलं. शिवाय ही माणसं निरोगी होती, आणि तुलनेसाठी नुसता बसून राहिलेला दुसरा गट नव्हता. कॉर्टिसॉल तसंही सकाळपासून संध्याकाळपर्यंत उतरत जातं. अभ्यास वाईट नाही, छोटा आहे. त्यातली मला आवडलेली गोष्ट मेसेजवाल्याने गाळूनच टाकली: आधी चित्रकला केलेल्या आणि कधीच न केलेल्या माणसांत फारसा फरक दिसला नाही. माझ्यासारखीला धीर देणारी गोष्ट असेल तर ती ही.

'ताण गेला की आजार जातो' याला मात्र कसलाच आधार नाही. माझी गाठ गेली ती सर्जनच्या सुरीने. कला आणि आरोग्य या विषयावर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा काढला. धास्ती, एकटेपणा, उपचारांच्या काळातला त्रास यांत कलेची मदत होते असं त्यात भरपूर आहे. गाठ विरघळते असं कुठे नाही.

आता मातीस. १९४१ साली ल्यों शहरात त्याच्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. त्यातून तो वाचला, पण पुढे फार वेळ उभं राहून रंगवणं त्याला जमेना. मग चाकांच्या खुर्चीत, बिछान्यात बसून तो कागद कापायला लागला. मदतनीस कागदांना रंग देत, तो कापी, आणि तो सांगेल तिथे ते तुकडे भिंतीवर टाचत. १९५४ पर्यंत जगला. म्हणजे कात्री आधी सर्जनची चालली, मग त्याची. मेसेजने क्रम उलटा लावला, एवढंच. पण त्या एवढ्यातच रांगेतली ती बाई अडकली होती.

'फक्त शुभ चित्रं काढा.' माझं पहिलं चित्र शुभ नव्हतं. शस्त्रक्रियेनंतर कुशीतून एक नळी बाहेर काढलेली असते, तिच्या टोकाला प्लॅस्टिकचा डबा. आत साचणारं लालसर पाणी रोज मोजून वहीत लिहायचं असतं. मी मिलिलिटर लिहिता लिहिता शेजारी तो डबाच काढला. डब्यावरच्या रेघा, नळीचा पीळ, आतल्या पाण्याची कड. घरात नुसती शाळेतली लाल पेन्सिल होती, तीच वापरली. चित्र अगदी वाईट होतं. पण तोवर त्या डब्याकडे मला बघवत नव्हतं. काढायचा म्हणून वीस मिनिटं बघितला, आणि संध्याकाळी तो रिकामा करताना पोटात ढवळलं नाही. जावेने ते पान दिसलं की वही उलटी करून ठेवायला सुरुवात केली. तिच्या जागी तीही बरोबरच होती म्हणा. घरात सुवासिनी जेवायला यायच्या होत्या. पण त्या दिवसांत मी मोर आणि कमळं काढत बसले असते तर डब्याकडे बघायचं राहूनच गेलं असतं.

आणि ध्यान. इथे मला मेसेजवाल्याशी भांडायचंही आहे आणि थोडं त्याच्या बाजूने बोलायचंही आहे.

माझी शस्त्रक्रिया उजव्या बाजूची. म्हणून सलाइनची सुई डाव्या हाताला लागायची आणि उजवा मोकळा राहायचा. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाचे बारा आठवडे, दर आठवड्याला खुर्चीत तीनेक तास. करणार काय? शाळेच्या सहलीत सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवणारे कलाकार बघितले होते, ते आठवलं. दशावतारी गंजिफाचा संच १२० पानांचा. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं: राजा, प्रधान, आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत. मत्स्याच्या एक्क्यावर एक मासा, दुर्रीवर दोन. गणितवालीने लगेच बेरीज केली: एका अवताराची ५५ चिन्हं, दहांची ५५०. पुठ्ठ्याचे गोल कापून घेतले, बांगडीभोवती पेन्सिल फिरवून. खऱ्या गंजिफांना चिंचोक्याची खळ, खडूचा लेप, वर लाख असं सगळं लागतं. माझे लग्नपत्रिकांचे पुठ्ठे होते.

मत्स्याचे ५५ मासे काढायला मला तीन डोस लागले. देवाचा मासा काही साधला नाही. जो आला तो स्वच्छ बांगडा, पाठीवरच्या पट्ट्यांसकट. शेजारच्या खुर्चीवरचे मालवणकडचे काका रोज विचारायचे, "आज दर काय?"

मन रिकामं झालं का? छे. सुई लावणारी मुलगी नवीन आहे का, शिरा सापडतील का, मुलीच्या फीची तारीख, सगळं चालूच. फरक एवढाच, की सहाव्या माशाचं शेपूट सातव्याच्या डोक्याला लागता कामा नये, आणि ते बघायला मनाचा एक कोपरा सतत परत यावा लागायचा. निघून जायचं, परत यायचं. योगशास्त्रात चित्त एका जागी बांधण्याला धारणा म्हणतात, आणि ते तिथेच अखंड वाहत राहण्याला ध्यान. माझी मजल धारणेपर्यंत, तीही दावं तोडणाऱ्या वासरासारखी. पण तीन तासांत चाळीसेक वेळा परत येणं हे काही कमी नव्हतं. ज्या दिवशी उलटीच थांबेना त्या दिवशी एकही मासा झाला नाही. मेसेज वाचणाऱ्याला वाटेल, त्या दिवशी मी ध्यानात कमी पडले. त्या दिवशी मी फक्त आजारी होते.

'श्रद्धेने करणाऱ्याला गुण येतोच.' सगळ्या मेसेजमध्ये घातक ओळ असेल तर ही. गुण आला तर कलेचा, नाही आला तर श्रद्धा तुझीच कमी. मेक्सिकोची चित्रकार फ्रिदा काहलो १९२५ सालच्या बस अपघातानंतर पलंगावर पडून, वर आरसा लावून रंगवायला लागली. पुढे कितीतरी शस्त्रक्रिया झाल्या, १९५३ साली पाय कापावा लागला, दुसऱ्या वर्षी सत्तेचाळीसाव्या वर्षी गेली. तिने काय श्रद्धेने रंगवलं नव्हतं? माझ्याबरोबर डोस घेणारी एक मुलगी होती, भरतकाम करायची, माझ्यापेक्षा किती सुबक. ती आता नाही. हा मेसेज तिच्या आईला कोणी पाठवला नसेल, एवढीच इच्छा.

मातीचं आणि रंगांचं मुद्दाम शेवटी ठेवलं.

केमोत पांढऱ्या पेशी खाली येतात. त्या काळात ओल्या मातीतली बुरशी, जंतू हे चांगल्या माणसाला काही न करणारे प्रकार अंगलट येऊ शकतात. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या हाताला साधा चरा पडला तरी संसर्गाची, हात सुजण्याची भीती असते. माती आजार ओढून घेत नाही. त्या दिवसांत ती द्यायचीच शक्यता जास्त. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात घालू नये, आणि घातलाच तर हातमोजे घालून.

'नैसर्गिक रंग' हे तर फारच गंमतीचं. जुन्या चित्रांतला झळझळीत पिवळा म्हणजे हरताळ, त्यात आर्सेनिक. शेंदरीकडे झुकणारा लाल हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग. दोन्ही जमिनीतून निघतात, अगदी नैसर्गिक. पोथी लिहिणारे चूक झाली की तिच्यावर पिवळा हरताळ फासून पुढे जात. आपण 'हरताळ फासणे' म्हणतो ते तिथून आलं. त्यांनी बोटं चाटली नसतील अशी आशा करू या. आजारी माणसाने रंग घ्यावा तो बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून, आणि टर्पेंटाइनपासून तर चार हात लांबच राहावं. केमोत नुसत्या फोडणीच्या वासाने जीव नको होतो.

हे सगळं मला कुठे कळलं, तर गणपतीच्या शाळेत. मूर्ती घडवायच्या जागेला आमच्याकडे शाळाच म्हणतात, वाडीत एक आहे. नागपंचमीच्या आगेमागे लोक आपापल्या घरचे पाट आणून देतात, त्यावरच मूर्ती घडते. शाळा चालवणारे अण्णा माझ्या वडिलांच्या ओळखीतले. माझे शेवटचे डोस चालू होते, पेशी बऱ्या होत्या, डॉक्टरांनी 'सुकलेल्या मूर्तीला ब्रश लावायला हरकत नाही, मास्क लावा, माती नको' म्हटलं होतं. म्हणून मी पडवीत बसायचे. आत रंग फवारायचा कॉम्प्रेसर सुरू झाला की अण्णा हातानेच 'लांब हो' म्हणायचे. बाहेर धो धो पाऊस, हवा अशी दमट की मूर्ती सुकता सुकत नव्हत्या. बल्ब लावून, पंखे फिरवून एकेक कोरडी करायची आणि मग माझ्या पुढ्यात.

मला काम दिलं पितांबराच्या काठाचं. पिवळ्यावर लाल पट्टी, तिच्या कडेने सोनेरी रेघ. पॅक्लिटॅक्सेलने माझ्या बोटांच्या टोकांना मुंग्या येऊन पुढे बधिरपणा आला होता. ब्लाउजचे हूक लागत नव्हते, भाकरीचं पीठ किती मऊ झालं ते हाताला कळत नव्हतं. ब्रश धरलाय की सुटलाय हे बघून ठरवावं लागायचं. पहिल्या मूर्तीची सोनेरी रेघ गुडघ्यापाशी लाटेसारखी गेली. घरी कोणी असतं तर म्हणालं असतं, 'किती छान, एवढ्या आजारपणात!' अण्णांनी चष्मा वर केला, मूर्ती उजेडाकडे फिरवली.

"काठ वाकडो गेलो. पुस आणि परत ओढ."

मी म्हटलं, "अण्णा, बोटांना कळत नाही हो."

"पूजेक बसणारो तुझो रिपोर्ट बघूचो नाय. काठ बघतलो."

पाणी लावलेल्या कापसाने पुसला, परत ओढला. पुन्हा वाकडा, पुन्हा पुसला. सात महिन्यांत पहिल्यांदा मला कोणीतरी चुकलेल्या कामासाठी बोललं होतं. घरी आले आणि नवऱ्याला म्हटलं, आज मला ओरडा बसला. मी हसत का होते ते त्याला कळेना.

मेसेज पाठवणाऱ्या सातांचा मला राग नाही. त्यांना काहीतरी द्यायचं होतं आणि हाताशी ते होतं. पण 'रोज ४५ मिनिटं' म्हटलं की चित्रही गोळ्यांच्या डबीत जाऊन पडतं, सकाळी एक, रात्री एक, आणि चुकली की अपराधी वाटायचं. माझ्या डबीत जागा नव्हती.

रांगेतल्या त्या बाईला मी सांगितलं, केमो घ्यायचीच. आणि कुठल्या हाताला सुई लागणार ते आधी विचारून घे, म्हणजे दुसरा मोकळा हात कोणता ते कळेल. तिने विचारलं, मोकळ्या हाताने काय करायचं? मी पर्समधून बांगड्यांचा दश्शा काढून दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यो एक जरा कोळंबीसारखो दिसता."

माझा संच परशुरामाच्या पंज्यापर्यंत आला आहे. यंदाही पाट शाळेत पोचता झाला, काठ माझ्याकडेच आहेत. डोळ्यांची आखणी मात्र अण्णा माझ्या हातात देत नाहीत. बोटं अजून पुरती परत आलेली नाहीत, हे त्यांना काठावरून दिसतं.