शेवटच्या चार फेऱ्या तरी स्वतःच्या गाण्याला द्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत स्पर्धकांनी स्वतःची गाणी गावीत, असं मी गेल्या लेखात म्हटलं. त्यावर तुम्ही लिहिलंत की हा खेड्यापाड्यातल्या मुलांची वाट अडवण्याचा प्रकार आहे. शिवाय नवं गाणं लागलं की लोक चॅनल बदलतात, आणि ज्याला आपलं गाणं ऐकवायचंय त्याला यूट्यूब मोकळं आहेच.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. 2008-09च्या ‘लिटिल चॅम्प्स’मुळे आळंदीची कार्तिकी, लातूरचा रोहित, आरवलीचा प्रथमेश घराघरांत पोचले. त्या वयात जुनी गाणीच गायला हवीत, गळा त्यांवरच तयार होतो. लहान मुलांना माझं म्हणणं लागू नाही, हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं.

माझा जीव तुटतो तो पंचविशीतल्या गायकासाठी. 2005 मध्ये अभिजीत सावंत पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला आणि त्याच वर्षी त्याचा अल्बम आला. तेव्हा कॅसेट-सीडीची दुकानं होती, स्पर्धेतून थेट त्या दुकानात जाता यायचं. आज महाअंतिम सोहळा संपतो तेव्हा गायकाच्या हाती काय उरतं? दुसऱ्यांची तीस गाणी त्याने जीव ओतून गायलेली असतात, पण ती परत ऐकावीशी वाटली की श्रोता मूळ गायकाकडेच जातो.

यूट्यूब मोकळं आहे, खरंय. पण गाणं चढवणं सोपं, ते कुणाच्या कानावर पडणं अवघड. स्पॉटिफाय या गाणी ऐकण्याच्या ॲपवर 2024 पासून बारा महिन्यांत किमान 1000 वेळा न वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टीच मिळत नाही. तो पहिला हजार गाठून देण्याची ताकद टीव्हीकडे अजून आहे.

आणि लोक नवं ऐकतात हो! एमटीव्हीच्या ‘हसल’मध्ये 2019 पासून स्पर्धक स्वतः लिहिलेलं रॅप सादर करतात. तिथल्याच सृष्टी तावडेचे शब्द 2022 मध्ये कॉलेजच्या पोरापोरींना पाठ होते. इटलीत सॅनरेमोचा महोत्सव 1951 पासून भरतो, तिथे स्पर्धाच नव्या गाण्यांची असते. मोनेस्किन हा बँड 2017 मध्ये तिथल्या ‘एक्स फॅक्टर’ या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत दुसरा आला होता. 2021 मध्ये त्यांनी स्वतःच्या गाण्यावर सॅनरेमो आणि पाठोपाठ युरोव्हिजन ही देशादेशांमधली गाण्याची स्पर्धा जिंकली.

म्हणून माझी मागणी एवढीच, की सुरुवातीच्या फेऱ्या जुन्या गाण्यांच्या राहू द्या, शेवटच्या चार स्वतःच्या गाण्याच्या ठेवा. ते गाणं त्याच रात्री सगळीकडे उपलब्ध व्हावं, ध्वनिमुद्रणाची मालकी गायकाकडे राहावी, आणि गीतकार, संगीतकार, तबलजी, बासरीवाला, सगळ्यांची नावं त्यावर असावीत. साथीदारांचं तर कुणी नावही घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमची चॅनल बदलण्याची भीती मात्र मला पटते. नवं गाणं पहिल्यांदा कानाला परकंच लागतं. मग घरच्या गरिबीची चित्रफीत दाखवण्यात जो वेळ जातो, त्यात चाल कशी बसली ते दाखवा. कुठला शब्द अडला, कुठली ओळ बदलली, ते पाहिलेला प्रेक्षक गाणं सुरू झाल्यावर उठून जाणार नाही.