‘दहा-वीसच तर असतात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. रिआल माद्रिदचा कृष्णवर्णीय ब्राझिलियन खेळाडू व्हिनिशियस ज्युनियर याच्यावरील लेखात मी राईचा पर्वत केला, असा आपला आक्षेप आहे. प्रतिस्पर्ध्याला डिवचणे हा फुटबॉलच्या प्रेक्षकांचा जुना हक्क आहे, कृष्णवर्णीय खेळाडूला हिणवायला माकडाचे आवाज काढणारे दहा-वीसच असतात, त्यांच्यापायी अख्खा स्टँड बंद करणे अन्यायाचे आहे आणि खेळाडूने लिव्हरपूलच्या जॉन बार्न्ससारखे दुर्लक्ष करून खेळत राहावे, असे चार मुद्दे आपण मांडले आहेत. पैकी तिसरा मला बऱ्याच अंशी मान्य आहे. त्याकडे शेवटी येतो.

डिवचण्याबद्दल फार लिहीत नाही. पेनल्टी हुकवणाऱ्याची प्रेक्षकांनी सामना संपेपर्यंत टर उडवली, तरी तो पुढच्या संधीला गोल करून त्यांची तोंडे बंद करू शकतो. माकडाच्या आवाजाला मैदानावर असा जबाब देता येत नाही, कारण तो आवाज त्याच्या खेळाविषयी नसतोच.

संख्येचा मुद्दा मात्र सविस्तर उत्तर मागतो. ३० एप्रिल २०१७ रोजी इटलीतील काल्यारी येथे पेस्कारा संघाचा घानाचा खेळाडू सली मुंतारी याला प्रेक्षकांतून असे आवाज ऐकू येत होते. ओरडणाऱ्यांत एक लहान मूल होते आणि त्याचे आईवडील जवळच होते. मुंतारीने त्याच्याजवळ जाऊन ‘असे करू नये’ म्हणून समजावले आणि आपला शर्ट त्याला देऊन टाकला. नंतर दुसऱ्या बाजूने तोच प्रकार सुरू झाल्यावर त्याने पंचांकडे दाद मागितली, तर हुज्जत घातल्याबद्दल पिवळे कार्ड त्यालाच मिळाले. ‘हा माझा रंग आहे’ असे प्रेक्षकांना ओरडून सांगत तो मैदानाबाहेर निघून गेला, म्हणून दुसरे कार्ड आणि एका सामन्याची बंदी. गदारोळ झाल्यावर ती बंदी उठली. यजमान क्लबला मात्र काहीच शिक्षा झाली नाही, कारण शिस्तपालन यंत्रणेच्या हिशेबाने ओरडणारे जेमतेम दहा होते. म्हणजे आपला युक्तिवाद तिथे अधिकृतपणे वापरला गेला, आणि त्यातून काय निष्पन्न झाले तेही आपल्यासमोर आहे.

इंग्लंडलाही ही डोकी मोजण्याची सवय सोडायला वेळ लागला. तेथील १९९१ च्या कायद्याने मैदानावरील वंशद्वेषी घोषणाबाजी गुन्हा ठरवली खरी, पण घोषणा किमान दोघांनी मिळून दिलेली असावी लागे. एकटाच ओरडणारा या कलमातून सुटे. ‘एकट्याने असो वा इतरांसह’ ही दुरुस्ती १९९९ मध्ये झाली. (कायदे लिहिणाऱ्यांनी स्टँडमध्ये बसून सामना पाहिला असता, तर ही आठ वर्षे कदाचित वाचली असती.)

आता बार्न्स. फेब्रुवारी १९८८ मध्ये एव्हर्टन क्लबच्या गुडिसन पार्क मैदानावर या कृष्णवर्णीय खेळाडूकडे फेकलेले केळे तो टाचेने सीमारेषेबाहेर ढकलतो आहे, ते छायाचित्र मीही अनेकदा पाहिले आहे. आपल्याला त्यात बाणेदार उत्तर दिसते. मला खेळ अडू नये म्हणून मैदान साफ करणारा खेळाडू दिसतो, आणि ते काम त्याचे नव्हते. शिवाय, घोषणाबाजीला स्वतंत्र गुन्हा ठरवण्याची शिफारस १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या टेलर अहवालात आली. ९७ जीव घेणाऱ्या त्या दुर्घटनेचे कारण वेगळेच होते. बार्न्सच्या संयमामुळे कायदा हललेला नाही.

राहिला स्टँड बंद करण्याचा मुद्दा. २१ मे २०२३ रोजी स्पेनमधील मेस्ताया मैदानावर व्हिनिशियसला शिवीगाळ झाल्यानंतर यजमान व्हॅलेन्सिया क्लबचा एक स्टँड पाच सामन्यांसाठी बंद करण्यात आला आणि अपिलात ते तीनवर आले. शेजारी गप्प बसलेले मी संपूर्ण निर्दोष मानत नाही. तरी ज्यांनी विरोध केला असेल, त्यांचीही जागा गेली हे खरे. उलट जून २०२४ मध्ये न्यायालयाने तीन प्रेक्षकांना आठ महिन्यांची स्थगित कैद आणि दोन वर्षांची मैदानबंदी सुनावली, म्हणजे नेमकी माणसे शोधता येतात. म्हणून ‘संपूर्ण स्टेडियम रिकामे ठेवावे’ हे मूळ लेखातील वाक्य मी मागे घेतो आणि त्याजागी असे लिहितो : क्लबने कॅमेऱ्याचे चित्रण आणि तिकीटधारकांची माहिती पोलिसांच्या हाती दिली, तर स्टँड उघडा राहावा, टाळाटाळ केली, तर तो बंदच असावा.